काटकसरीचे बांधकाम : आधी पन्हा, मग बेत

(जीर्णोद्धार समारंभात ग्रामस्थांपुढे झालेले भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार आज तडीस गेला. आता समितीने भक्तनिवास बांधण्याचे मनावर घेतले आहे. पाया अजून खणलेला नाही, नकाशा कागदावरच आहे. म्हणून चार गोष्टी आजच सांगाव्यात असे वाटले. कागदावरची रेघ पुसता येते. उभी भिंत मात्र फोडावी लागते.

आपली भिवंडी मागांचे गाव. कापडाला कात्री लावण्यापूर्वी शिंपी त्याचा पन्हा पाहतो आणि मगच बेततो, हे येथे लहान मुलालाही ठाऊक आहे. बांधकामात मात्र आपण उलटे करतो. खोलीचे माप मनाला येईल तसे ठरवितो, मग माल आणतो आणि मग तो कापत बसतो.

एक हिशेब पाहा. बाजारात साठ सेंटीमीटर चौकोनी लादी मिळते. खोली ३.४० मीटर रुंद व ४ मीटर लांब धरली, तर दोन बाजूंना चाळीस सेंटीमीटरची पट्टी उरते. प्रत्येक पट्टीसाठी नवी लादी कापावी लागते आणि उरलेला वीस सेंटीमीटरचा तुकडा कुठेच बसत नाही. अशा खोलीला ४२ लाद्या लागतात. तीच खोली ३.३० बाय ३.९० मीटर केली, तर काठाला बरोबर अर्धी लादी बसते, दुसरी अर्धी पुढच्या जागी लागते आणि काम ३६ लाद्यांत भागते. खोली किंचित लहान झाली, म्हणून दोन लाद्या वाचल्या, हे खरे. पण बाकीच्या चार निव्वळ तुकडे होऊन उकिरड्यावर जाणार होत्या. फरक किती, तर दहा सेंटीमीटर. अर्धी वीतही नाही! अशा दहा खोल्या असतील तर साठ लाद्या झाल्या.

सळईचेही तसेच. ती साधारणपणे बारा मीटर लांबीची येते. आकड्यांसह चार मीटरचा तुकडा लागत असेल, तर एका सळईचे तीन तुकडे होतात आणि काही उरत नाही. ४.१० मीटर लागत असेल, तर दोनच तुकडे निघतात आणि ३.८० मीटर उरते. बारा मिलिमीटर जाडीच्या सळईत हे वजन सुमारे ३.४ किलो भरते. त्याला दुसरीकडे जागा नसेल, तर ते भंगारात गेले म्हणून समजा.

तिसरी गोष्ट आकाराची. छत्तीस चौरस मीटर जागा ६ बाय ६ अशी घेतली तर भोवतालची भिंत २४ मीटर होते. ९ बाय ४ घेतली तर २६ मीटर आणि १२ बाय ३ घेतली तर ३० मीटर. जागा तेवढीच, विटा आणि गिलावा मात्र वाढला. न्हाणीघरे पाठीला पाठ लावून घेतली, तर एकाच भिंतीवर दोहींकडचे नळ निघतात.

ही काही परकी विद्या नव्हे. आपल्या शेजारच्या अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधले. शिल्पशास्त्रात मूळ प्रासादाचे एक माप धरून बाकीची मापे त्यावरून काढण्याची रीत आहे. दगड घडविणाऱ्याला कुठला दगड कुठे बसणार हे आधी ठाऊक असे. आपण मात्र खाडीची रेती उपसतो, डोंगर फोडून खडी आणतो आणि त्यातली काही राडारोडा करून ओढ्यात लोटतो. हा राडारोडा कोठे व कसा टाकावा, याचे नियम केंद्र सरकारला २०१६ साली करावे लागले.

आता एक इशारा. काटकसर म्हणजे कमी सळई, कमी सिमेंट नव्हे. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीत तीन मजली इमारत कोसळली आणि तीसहून अधिक जीव गेले. ते दुःख आपल्या दाराशी घडले आहे. इंजिनिअरने सांगितलेली सळई सांगितल्याइतकीच पडली पाहिजे. वाचवायचे ते तुकडे, ताकद नव्हे. म्हणून खोलीचे माप बदलायचे असेल, तर ते इंजिनिअरकडूनच बदलून घ्यावे, कामावर परस्पर नव्हे.

माझी विनंती एवढीच. नकाशावर सह्या होण्यापूर्वी समितीने एक संध्याकाळ काढावी. इंजिनिअर, गवंडी आणि सळईचे काम करणारा कारागीर यांना एकत्र बसवावे. लादी, वीट, सळई, दारांच्या चौकटी यांची बाजारातील मापे एका कागदावर मांडावी आणि त्यांवरून खोल्या बेताव्यात. जुन्या देवळाचे जे घडीव दगड निघाले आहेत, त्यांचीही मापे त्यात लिहावी. इंजिनिअरला पसंत पडतील ते जोत्याला लावता येतील.

या गावात कोणी मागावर रात्रपाळी करून वर्गणी दिली आहे, कोणी भाताच्या पैशातून दिली आहे. त्यातला एक रुपयाही तुकडा होऊन फेकला जाऊ नये. देवाच्या कामात ही एक सेवाच आहे, असे मी मानतो.