यादींत नांव नसलें म्हणजे

जून-जुलै महिने आले म्हणजे शहरांतील पुष्कळ घरांत एक विलक्षण शांतता पसरते. बारावीचा निकाल लागून गेलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात, आणि आतां प्रवेशाच्या याद्यांची वाट पाहणें सुरू असतें. पूर्वीं या याद्या महाविद्यालयाच्या फलकावर लागत, व मुलें गर्दींत टाचा उंचावून आपलें नांव शोधीत. आतां ती यादी मोबाईलवर घरांतच येऊन पडते. सोय झाली खरी; परंतु फलकापासून घरापर्यंतच्या वाटेवर मन सांवरण्यास पूर्वींच्या मुलाला जो अर्धा तास मिळे, तो आतांच्या मुलाला मिळत नाहीं. आपलें नांव नाहीं हें कळतें त्याच क्षणीं तें आईबापांच्या मुद्रेवरहि त्याला वाचावें लागतें.

मग घरांत कारणांचा शोध सुरू होतो. "तरी सांगत होतों, तो मोबाईल बाजूला ठेव म्हणून," असें वडील म्हणतात. शेजारच्या मुलाचे गुण कोणाला तरी आठवतात. मामाचा फोन येतो. मुलगा जेवणास येत नाहीं.

या घटकेस कांहीं आंकडे हातीं असलेले बरे. २०२४ सालीं आय. आय. टी.च्या प्रवेशासाठीं जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेस १,८०,२०० विद्यार्थी बसले. त्यांपैकीं ४८,२४८ पात्र ठरले. आणि जागा होत्या १७,७४०. म्हणजे पात्र ठरूनहि तीस हजारांवर विद्यार्थ्यांना जागा मिळणें केवळ गणितानेंच अशक्य होतें. त्याच वर्षीं वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेस तेवीस लाखांहून अधिक उमेदवार बसले, एम. बी. बी. एस.च्या जागा साऱ्या देशांत लाखाच्या थोड्या वर. आपण नापास झालों असें ज्याला वाटतें, तो पुष्कळदां नापास झालेलाच नसतो. जागा संपलेल्या असतात. हें त्याला घरांतल्या कोणा मोठ्या माणसानें समोर बसून, आंकडे मांडून सांगावयास हवें. "सोड रे, होईल कांहींतरी" एवढ्या सांत्वनानें तें काम होत नाहीं. आणि मुलगा दिवसेंदिवस अबोल राहूं लागला, झोप उडाली, जगण्यांत अर्थ नाहीं अशी भाषा तोंडीं आली, तर मात्र आंकड्यांची वही मिटून ठेवावी. त्याला एकटें सोडूं नये, आणि डॉक्टरांकडे नेण्यास लाजूं नये. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनिसेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे.

प्रतीक्षायादीचा प्रकार नकाराहून अवघड. नकारानंतर माणूस उठून कामाला लागतो. प्रतीक्षायादींत तो बसून राहतो. ही यादी सरकते ती कोणाच्या कृपेनें नव्हे. वरच्या क्रमांकाचा विद्यार्थी एकाच वेळीं दोनतीन ठिकाणीं निवडला जातो, अधिक पसंतीचें ठिकाण मिळालें कीं तो मागची जागा सोडतो, व ती खालच्यास मिळते. म्हणून त्या महाविद्यालयांतील त्या शाखेचा शेवटचा प्रवेश गेल्या दोनतीन वर्षांत कोणत्या क्रमांकावर थांबला, हें पाहावें. आशा कितपत धरावी याचा अंदाज त्यावरून येतो. तोंवर हातची दुसरी जागा मात्र जाऊं देऊं नये. येथें पैसे भरले आणि तिकडे नंबर लागला तर काय, या धास्तीनें पुष्कळ पालक अडतात. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं याबाबत नियम घालून दिले. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधीं जागा सोडल्यास, किरकोळ प्रक्रियाशुल्क वजा जातां, पूर्ण फी परत. त्यानंतर त्या तारखेपर्यंत नव्वद टक्के. तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी. तीस दिवसांपर्यंत पन्नास. मुलाचे मूळ दाखले अडकवून ठेवण्यासहि त्या नियमांनीं मनाई केली. वर्षोवर्ष यांत फेरफार होतात, तंत्रशिक्षणाचे नियम आणखी निराळे. तेव्हां पुस्तिकेंतील बारीक टाइप चष्मा लावून वाचणें हें पालकाचें कर्तव्यच समजावें.

दुसरा पर्याय म्हणजे पराभव, ही समजूत आपल्याकडे मोठी दृढ आहे. आल्बर्ट आइन्स्टाइन यांना १८९५ सालीं झुरिकच्या पॉलिटेक्निकांत प्रवेश मिळाला नाहीं, ही गोष्ट सर्वजण सांगतात, पण बहुधा अर्धीच. गणित व पदार्थविज्ञान यांत त्यांचे गुण उत्तम होते. भाषा आदि सामान्य विषयांत ते कमी पडले. आणि वयहि नेहमींच्या मर्यादेहून दोन वर्षांनीं कमी होतें. संस्थेचे प्रमुख आल्बिन हेर्झोग यांनीं त्यांना स्वित्झर्लंडमधील एखाद्या शाळेंत राहिलेलें शिक्षण पुरें करून येण्यास सांगितलें. ते आराऊच्या शाळेंत गेले, तेथील विंटेलर या शिक्षकांच्या कुटुंबांत राहिले, आणि १८९६ च्या शरद ऋतूंत पॉलिटेक्निकांत दाखल झाले. राहून जातें तें एवढेंच कीं आराऊचें तें वर्ष मोठ्या आनंदाचें गेलें. प्रकाशकिरणाच्या मागोमाग धांवत गेल्यास काय दिसेल, हा पुढें सापेक्षतावादाकडे नेणारा प्रश्न त्यांना त्याच सुमारास पडला.

परंतु काय शिकावयाचें राहिलें आहे, हें आराऊला जातांना ठाऊक होतें. वर्षभर थांबूं पाहणाऱ्या मुलाला हेंच विचारावें: गुण कोणत्या विषयांत गेले, आणि कशामुळें? याचें उत्तर कागदावर लिहितां येत असेल तर थांबण्यांत अर्थ आहे. "यंदा नशीब नव्हतें" एवढेंच उत्तर असेल, तर थांबूं नये. शिवाय जेईई ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच वेळां बसतां येतें. ज्याला अभियांत्रिकीच हवी, त्याला बारावी विज्ञानानंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षांत जातां येतें व तेथून पदवीच्या दुसऱ्या वर्षांत. बारावीस गणित घेतलेल्या विज्ञान-पदवीधरालाहि ती वाट मोकळी आहे. वाट लांब आहे, वर्कशॉपांत हात काळे होतात. पण वडिलांचा भविष्यनिर्वाह निधि मोडून घेतलेल्या महागड्या जागेपेक्षां ती पुष्कळदां शहाणपणाची ठरते.

नकाराचा आणखी एक प्रकार आहे, व त्याला हे हिशेब लागू पडत नाहींत. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी गुणानुक्रमें अग्रस्थानीं राहून मिळविल्यावर कमला भागवत यांनीं बंगलोरच्या भारतीय विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेहि त्याच संस्थेंत शिकलेले रसायनज्ञ. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. वडीलमंडळींच्या विनंतीचा उपयोग झाला नाहीं. तेव्हां कमलाबाईंनीं स्वतः जाऊन नकाराचा जाब विचारला व हट्ट सोडला नाहीं. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलें वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणलें जावयाचें नाहीं, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीं उशिरांपर्यंत काम करावयाचें, आणि आपल्या वावरानें प्रयोगशाळेचें वातावरण बिघडूं द्यावयाचें नाहीं. श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं त्यांनीं तें वर्ष काढलें. त्यांचें काम पाहून रामन यांनीं नियमित प्रवेश दिला, आणि त्यानंतर संस्थेचें दार इतर मुलींनाहि उघडलें. १९३९ सालीं केंब्रिजची पीएच. डी. घेऊन त्या परतल्या. विवाहानंतर सोहोनी झालेल्या कमलाबाई पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालक झाल्या. त्या पहिल्या वर्षाचा अपमान मात्र त्या विसरल्या नाहींत. उतारवयांतहि त्यांनीं तो जाहीरपणें बोलून दाखविला.