ओसरीसमोरून कोण जातं?

ज्येष्ठांसाठी वसाहत म्हटलं की आपण आधी लिफ्ट, कठडे, नर्स आणि जवळचं हॉस्पिटल बघतो. हे सगळं लागतंच. पण एकटेपणावर त्याचा इलाज होत नाही. म्हणून आज चंद्रपूर-गडचिरोलीतल्या दोन जागांबद्दल बोलू या.

पहिली वरोऱ्याजवळचं आनंदवन. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी सुरू केलेलं काम. रोग बरा झाला तरी अनेकांना घरचे परत घेईनात. म्हणजे म्हातारपणही तिथंच काढायचं! आज तिथे कुष्ठमुक्त वृद्धांसाठी 'स्नेहसावली' आहे, इतर ज्येष्ठांसाठी 'उत्तरायण' आहे. त्याच परिसरात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा, कॉलेज, हातमाग, शेती. म्हणजे म्हातारी माणसं चालत्या-बोलत्या गावात राहतात. आणि जमेल तेवढं काम प्रत्येकाच्या हाताला असावं, हा तर बाबांचा आग्रहच होता.

दुसरी जागा गडचिरोलीतलं शोधग्राम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं. गोंड आदिवासींना मोठ्या इमारतीतल्या दवाखान्याची भीती वाटायची. म्हणून दवाखाना कसा हवा, हे त्यांनाच विचारलं गेलं. मग तो त्यांच्या गावासारखा, झोपड्या-झोपड्यांचा बांधला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. हा वृद्धाश्रम नाही, मान्य. पण राहणाऱ्याला आधी विचारा, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. खाटा मोजता येतात हो, मन कसं मोजणार?

तर आईवडिलांसाठी जागा बघायला गेलात, की तीन प्रश्न विचारा. ओसरीत बसलं तर समोरून कोण जातं, शाळेची पोरं की नुसती कंपाउंडची भिंत? इथं त्यांच्यावाचून कुणाचं काही अडेल का, निदान भाजी निवडायला, झाडांना पाणी घालायला? आणि नातू आला तर रात्री राहू शकतो का?

हो, आणि त्यांना सोबत घेऊन जा. जन्मभर वावरात राबलेल्या माणसाची खोली आपण परस्पर ठरवायची, हे काही बरं नाही.