चामड्याचे जाकीट आणि पावसाळा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



कार्यवाहांनी मला ‘शिक्षण’ या विषयावर बोलण्यास सांगितले होते. परंतु त्या विषयावर मी आपल्यापुढे पूर्वी पुष्कळ बोललो आहे. आज मी माझ्या अशिक्षितपणाची एक हकिगत सांगणार आहे, आणि ती चामड्याविषयी आहे. चर्मकाराच्या घरी जन्मास येऊन मला चामडे सांभाळता आले नाही, हे सांगताना संकोच वाटतो. पण आपल्या अनेक घरांत आज हीच स्थिती असावी, म्हणून बोलतो.

सन १९९४ मध्ये माझी बदली गगनबावडा तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत झाली. कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस सर्वांत अधिक कोठे, तर तेथे. मी मोटारसायकलीने जात-येत असे. थोरल्या बंधूंनी मुंबईस धारावीतून घेतलेले एक काळे जाकीट मला दिले. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ते ठिबकेपर्यंत भिजले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हवे म्हणून मी ते रात्री चुलीजवळ खुंटीला टांगले. सकाळी पाहतो तो बाह्या लाकडासारख्या ताठ, आणि मनगटाकडील कडा वर वळलेल्या. ते मऊ व्हावे म्हणून मी वाटीभर खोबरेल त्यावर ओतून चोळले आणि जाकीट ट्रंकेत ठेवून दिले. पंधरा दिवसांनी ट्रंक उघडली, तेव्हा त्यावर पांढरी बुरशी होती व खवट वास येत होता.

गल्लीतले माझे चुलते त्या वेळी पायताणे शिवीत. त्यांच्यापुढे ते जाकीट ठेवले, तेव्हा ते म्हणाले, “लेका, ह्यो काय पापड हाय व्हय भाजायला?” मी मान खाली घातली. मॅट्रिक झाल्यावर मी रापी-आरीस हात लावला नव्हता. खरे सांगावयाचे तर त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसणेही मी टाळीत असे.

त्यांनी मला मोटेची आठवण करून दिली. माझ्या लहानपणी विहिरींवर मोटा चालत आणि उसवलेल्या मोटा आमच्या दारी शिवावयास येत. मोट दिवसभर पाण्यात असे, तरी तिला पाण्याने मरण नसे. ती वाळून पडली की तडकत असे. म्हणून तिला करंजेल पाजीत, आणि तेही ती पुरती वाळण्यापूर्वी, किंचित ओलसर असतानाच. यामागील कारण मला पुढे वाचनाने कळले. चामडे म्हणजे सूक्ष्म तंतूंची वीण होय. कमावताना त्या तंतूंत तेल मुरवलेले असते. त्यामुळे ते एकमेकांवरून सहज सरकतात. चामडे वारंवार भिजून वाळले की हे तेल कमी होत जाते आणि तंतू एकमेकांस चिकटतात. आच लागली तर हे फार झपाट्याने घडते. ओलसर चामड्यास तेल दिले, तर पाणी जसजसे उडते तसतसे तेल त्याची जागा घेते. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणीही पुस्तक वाचून हे शिकले नव्हते.

तथापि मोटेचा न्याय जसाच्या तसा जाकिटास लावू नये, हेही चुलत्यांनीच बजावले. मोट किंवा कोल्हापुरी पायताण यांचे चामडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले असते. ते तेल पचवते. जाकिटे बहुधा क्रोम क्षारांनी कमावलेल्या मऊ चामड्याची असतात व वरून रंगाचा पातळ थर असतो. तेथे तेल ओतले तर डाग पडतात, धूळ चिकटते, आणि खाण्याची तेले कालांतराने खवट होतात. जाकिटास लॅनोलिन किंवा मधमाशीचे मेण असलेले मलम, म्हणजे दुकानात ‘लेदर कंडिशनर’ म्हणून मिळते ते, बोटभर घेऊन मऊ फडक्याने लावावे व तासाभराने पुसून घ्यावे. प्रथम कॉलरच्या आतील बाजूस लावून पाहावे. लव असलेल्या स्वेड चामड्यास मात्र मलम किंवा मेण मुळीच लावू नये. त्यास केवळ ब्रश करावा. हे मलम मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा लावले तरी पुष्कळ होते.

चामड्यावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहावा. तो मण्यासारखा उभा राहिला तर वरचा थर शाबूत आहे. मुरून काळा डाग पडला तर ते जाकीट पावसात नेऊच नये. थर चांगला असला तरी शिवणीचे काय? शिवण म्हणजे भोकांची रांग. आपले कारागीर दोऱ्यास मेण लावीत ते उगीच नव्हे. यास्तव मुसळधार पावसात जाकिटावर रेनकोट घालावा; त्यात कमीपणा नाही.

भिजलेच तर कोरड्या फडक्याने टिपावे, घासू नये. खिसे रिकामे करावेत. रुंद खांद्याच्या हँगरवर, पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत वाळू द्यावे. दोन दिवस लागले तर लागू द्यावेत. बाह्यांत कोरा कागद भरावा. वर्तमानपत्राची शाई अस्तरास लागते, हा अनुभव मी माझ्या खर्चाने घेतला आहे. थोडा दमटपणा उरला असतानाच मलमाचा हलका हात द्यावा.

बुरशीचे म्हणाल तर हवेतील आर्द्रता सुमारे सत्तर टक्क्यांच्या वर गेली की तिला रान मोकळे मिळते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा याहून दमट असते. प्लॅस्टिकची पिशवी व बंद ट्रंक ही तिची माहेरघरे. जाकीट सुती पिशवीत, कपाटात मोकळे टांगावे व उघडीप मिळताच बाहेर काढावे. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशाने झाडावी. घरात झाडल्यास ती शेजारच्या चपलांवर बसते.

चुलत्यांनी त्या जाकिटावर महिनाभर खपून ते पुष्कळसे मऊ केले. मी रोज शाळेतून येऊन त्यांच्या पायरीवर बसत असे. मजुरी विचारली, तेव्हा ते रागावले. ते आज हयात नाहीत. जाकीट आहे, नातू ते घालतो. मनगटाच्या कडा मात्र अद्याप वर वळलेल्याच आहेत. मी ते आज बरोबर आणले आहे. ज्यांना हात लावून पाहावयाचे असेल, त्यांनी भोजनाची पंगत बसण्यापूर्वी मजकडे यावे.