मदतवाला गेल्यावर गावात काय उरते?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



२१ मार्च २०२४ ची सकाळ इथल्या नांदेडच्या मंडळींना आठवत असेल. सहाच्या सुमाराला जमीन हलली. ४.५ तीव्रतेचा धक्का, केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. माणसे लेकरेबाळे घेऊन अंगणात आली. पुन्हा त्याच वर्षी जुलैत तसाच धक्का बसला. दोन्ही वेळेला निभावले. पण लातूरकडच्या पाहुण्यांना विचारा, त्या सकाळी त्यांच्या तोंडी पहिले नाव कोणत्या गावाचे आले? किल्लारीचे.

आज आपल्याला भूकंपावर बोलायचे नाही. संकट आले की मदत येते. ट्रक येतात, बॅनर येतात, भली माणसे येतात. त्या मदतीशी आपण कसे वागायचे, हे घर पडल्यावर ठरवता येत नाही. ते आधी ठरवावे लागते. म्हणून हा विषय घेतला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, गावे थकून झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावे बसली. सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दुसऱ्या नोंदी साडेनऊ हजारांच्या वर जातात. आम्ही तेव्हा शाळेत होतो. शाळेतल्या पोरांनी घरोघर फिरून ज्वारी आणि जुने कपडे गोळा केले, ते आमचे पहिले समाजकार्य.

एवढी माणसे का गेली? भिंती दोन-दोन, तीन-तीन हात रुंद, पण गोल दगड आणि माती. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारा आरपार लांब दगड कुठेच नाही. वर मातीचे जड माळवद. अनेक घरांत लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती माणसांवर आल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

मग देशातून, परदेशातून मदत आली. जागतिक बँकेचे कर्ज आले. ५० च्या वर गावे उठवून नव्या जागी वसवली. घर किती मोठे मिळणार हे जमिनीवरून ठरले : भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, सात हेक्टरांवर जमीन असणाऱ्याला ७५०. कित्येक गावे शहरातल्या कॉलनीसारखी ओळीत मांडली. कुठे घुमटासारखी गोल घरेही बांधली. देणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. पण बैल कुठे बांधायचे, कडब्याची गंजी कुठे रचायची, दूध काढायला उठलेल्या बाईला गोठा किती लांब, हे किती ठिकाणी विचारले? नव्या गावांत फिरा. सिमेंटच्या खोलीला लागून घरधन्याने स्वतः घातलेली पत्र्याची शेड दिसेल. ते न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण ती तितकीच खरी आहे. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुले पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. चार दिवस खाऊ वाटून ते परत गेले नाहीत, वर्षानुवर्षे थांबले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यात हराळीला काम उभे केले. तिथे निवासी शाळा आहे, शेतीचे शिक्षण आहे. मदत म्हणून आलेले तिथेच राहिले.

आणि तिसरे काम तुम्ही फारसे ऐकलेले नसेल. नवी गावे झाली त्यांचा गाजावाजा झाला, पण हजारावर गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. अशी घरे सुमारे दोन लाख. पैसा मिळणार घरमालकाला, पण कॉलम-बीमची भाषा कळणार कोणाला? प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या केल्या. दगडाचा जोड कसा असावा, कोपरा कसा बांधावा, हप्ता कधी उचलावा, हे त्या बाया शिकल्या आणि शेजारणींना सांगू लागल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडच्या बायांना धीर द्यायला आणि शिकवायला गुजरातला गेल्या. बघा, आठ वर्षांपूर्वी मदत घेणारा हात मदत देणारा झाला. पुढे दुष्काळात त्याच संस्थेने घरच्या रानातला अर्धा-एक एकर बाईच्या हाती देऊन त्यात ज्वारी, डाळी, भाजीपाला घेण्याचे काम लावले. २०१६ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

शेवटच्या माणसाने घरी नेली ती फक्त ताडपत्री, की अक्कल आणि अधिकारही, एवढाच फरक आहे.

पाण्याचे तेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, पुढे एकेका खेपेला पंचवीस लाख. लातूरची तहान भागली, आभार मानलेच पाहिजेत. पण रेल्वे गेल्यावर विहिरीत थेंब वाढला नाही. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनने श्रमदानाची स्पर्धा लावली; सुरुवातीच्या तीन तालुक्यांत आपल्या शेजारचे अंबाजोगाई होते. तिथे खोदलेला चर पावसाळा आला की आजही पाणी अडवू शकतो, मात्र गाळ काढणारा माणूस गावात पाहिजे. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायांना पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश दिले, मग ‘नाम’ फाउंडेशन काढले आणि नाला खोलीकरणाकडे वळले. नुसत्या धनादेशाने भागत नाही हे त्यांनी ओळखले, याचा आम्हाला आदर आहे. पण आपल्यालाही एक प्रश्न पडला पाहिजे. कापसाला आणि ज्वारीला खर्च भरून निघेल असा भाव मिळाला असता, तर आपल्या लेकीबाळींना त्या रांगेत उभे राहावे लागले असते का? दयाळू माणसाला दोष देऊ नका. ज्या धोरणाने दयेची पाळी आणली त्याचा जाब मागायला मात्र विसरू नका.

आता जनावरांवर दया करणाऱ्यांबद्दल. लाल कंधारी आणि देवणी या जाती कोणी टिकवल्या? माळेगावच्या यात्रेत आणि हाळी हंडरगुळीच्या बाजारात खोंड पारखून घेणाऱ्या तुमच्या बापजाद्यांनी. पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्याला कोणी दया शिकवायला नको. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती आली आणि गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही राज्यात बंदी लागू झाली. कायदा कोणाला पटो न पटो, हिशेब आमच्या शिक्षणाप्रमाणे असा : चारशे किलोच्या बैलाला दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा. वर्षाला तीन-साडेतीन टन. म्हाताऱ्या बैलाचे मोल गेले आणि ही वैरण शेतकऱ्याच्या अंगावर आली. ज्याला दया येते त्याने वैरणीचा वाटा उचलावा. गोशाळा चालवणारे, छावणीत चारा घालणारे तो उचलतात, त्यांना नमस्कार. नुसते भाषण करणाऱ्याला मात्र दावणीवर बोलवा.

इथे आमचा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. कृषी पदवी घेऊन आम्ही एका संस्थेच्या प्रकल्पात लागलो होतो. गावात सुधारित, बुटक्या ज्वारीचे बियाणे फुकट वाटले. उतारा चांगला आला. आम्ही फोटो काढले, अहवाल लिहिला. खळ्यावर एक म्हातारी म्हणाली, “साहेब, दाणे झाले, पण कडबा कुठंय? बैलाला तुमचा कागूद घालू का?” त्या उन्हाळ्यात तिच्या घरचा एक बैल विकला गेला. आम्ही पिकाचे मोजमाप दाण्यात केले होते, तिच्या घरी ते दाणा आणि वैरण दोन्हीत होत होते. तिला पेरणीआधी विचारायला आम्हाला कोणी अडवले नव्हते. संघटनेच्या कामात आम्ही आलो ते त्या प्रश्नामुळे.

म्हणून या बैठकीपुढे तीन प्रश्न ठेवतो. संस्था मोठी असो की लहान, गावात आली की ग्रामसभेत बसवून हे विचारायचे.

पहिला : काय करायचे हे कोण ठरवणार? ठरवणाऱ्यांत जमीन कसणारा, मजूर आणि घरातली बाई आहे की नाही?

दुसरा : तुम्ही गेल्यावर गावात काय उरेल? कोणाच्या हाती कोणते कसब राहील आणि दुरुस्ती कोण करील?

तिसरा : हिशेब कुठे लावणार? आमच्या गावाच्या नावावर किती आले आणि किती खर्चले, हे चावडीच्या भिंतीवर दिसले पाहिजे.

हे विचारले तर मदत पळून जाईल, असे भय धरू नका. खरे काम करणारा या प्रश्नांनी सुखावतो. पळतो तो फोटोवाला.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर तुम्ही पाहिला आहे. जेवायला आलेला कोण, कुठला, कोणी विचारत नाही. सगळे एका पंगतीत. आणि जेवून उठलेला माणूस भांडी घासायला बसू शकतो, त्याला कोणी पाहुणा म्हणून बाजूला ठेवत नाही. मदत अशी असावी.

परत जाताना प्रत्येक गावाने एक वही घालावी. आपल्या गावात कोणत्या संस्थेने कधी काय केले, त्यातले आज काय चालू आहे, काय मोडून पडले आहे, ते लिहावे. आणि त्याच वहीत मागच्या पानावर आणखी एक लिहावे : गावात दगड-मातीची घरे किती, आणि भिंतीत आरपार दगड किती घरांना आहे. तो दगड बसवायला कोणाच्या मदतीची वाट पाहू नका. गवंडी आपल्याच गावात आहे.

पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. रामराम.