निवळी आणि प्राणवायू

दूध फाडून पनीर किंवा चीज काढून घेतले की मागे जे हिरवट-पिवळे पाणी उरते, तिला निवळी म्हणतात. एक किलो चीजमागे सुमारे ९ लिटर निवळी निघते. दुधातील बहुतेक शर्करा तिच्यातच उतरते. लिटरमागे सुमारे ४५ ग्रॅम. हे पाणी ओढ्यात सोडले तर काय होईल? थोडे गणित करून पाहावे. एवढ्या शर्करेचे जीवाणूंकरवी पूर्ण ज्वलन व्हावयास सुमारे ५० ग्रॅम प्राणवायू लागतो. उलट, ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू विरघळतो तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर निवळी साडेसहा हजार लिटरांहून अधिक पाण्यातील प्राणवायू संपवू शकते. मग ओढ्यातील मासे गुदमरून मरतात.

हेच जीवाणूंचे काम बंद टाकीत करवून घेतले, तर टाकाऊ निवळीतून उपयुक्त द्रव्ये मिळतात. तथापि तेथेही सूत्रे प्राणवायूच्याच हाती असतात. काही सूक्ष्मजीव हवेवाचून जगतात, इतकेच नव्हे तर हवा त्यांना मारक ठरते, हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये ब्युटिरिक अम्लाच्या किण्वनावरून दाखवून दिले. लॅक्टिक अम्ल करणारे जीवाणू तितके नाजूक नाहीत. ते थोडीफार हवा सोसतात, पण त्यांना तिची गरज नसते. ते शर्करा जाळून टाकीत नाहीत. तिचे अम्लात रूपांतर करतात. म्हणूनच शर्करेचा मोठा अंश हाती राहतो.

प्रोपिऑनिक अम्ल करणाऱ्या जीवाणूंचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. त्यांच्याकडून ब-१२ जीवनसत्त्व मिळविताना प्रथम टाकीत हवा येऊ देत नाहीत. त्या काळात जीवाणू वाढतात आणि जीवनसत्त्वाच्या रेणूचा बहुतेक भाग रचतात. परंतु त्या रेणूचा एक लहानसा घटक प्राणवायूवाचून बनत नाही. म्हणून अखेरच्या टप्प्यात बेताने हवा सोडावी लागते. ती आरंभीच सोडली, तर मुळातली रचनाच खुंटते.

तेव्हा प्राणवायू द्यावा की न द्यावा, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. तो केव्हा आणि किती द्यावा, हे ठरवावे लागते. टाकीत ज्या शर्करेचे अम्ल होऊन ते वेगळे काढले जाते, तिच्यापुरता ओढ्यावरील भार हलका होतो.