गाडीतला चोर आवाज

मोटारीच्या आवाजाची एक खोड तुम्ही पाहिलीच असेल. आठवडाभर तो रस्त्यात छळतो, आणि मिस्त्रीच्या दारात गाडी उभी केली की मुका होतो. दाढ दुखते म्हणून वैद्याकडे जावे आणि पायरी चढताच ती दुखायची थांबावी, तसेच हे. मिस्त्री चौकापर्यंत गाडी फिरवून आणतो आणि म्हणतो, "मास्तर, काही झालं नाही हिला." आपणही खूष होऊन घरी येतो. पण आवाज थांबला म्हणजे बिघाड गेला असे नसते, बरं का!

आपल्या नाशिक जिल्ह्यात जुन्या जीपगाड्या पुष्कळ. नाशिकच्याच कारखान्यात तयार होणारी बोलेरो २००० साली बाजारात आली. तिच्या आधीच्या गाड्याही अजून द्राक्षांचे क्रेट, कांद्याच्या गोण्या आणि शाळेची पोरे वाहताना दिसतात. आमच्या घरी अशीच एक आहे. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. कोणाचा होता ते पुढे कळेलच.

एका द्राक्षहंगामात तिच्यात 'टक्, टक्' असा आवाज येऊ लागला. कधी येई, कधी नाही. तीनदा गाडी मिस्त्रीकडे नेली. एकदा क्रॉस बदलला, एकदा पाट्यांचे बुश बदलले. पैसे गेले, आवाज राहिला. मग घरातल्या शाळकरी मुलीने एक वही केली. आवाज आला की लिहायचे: वेळ कोणती, गाडी गार की तापलेली, भरलेली की रिकामी, वेग किती, वळण कोणते, रस्ता कसा. आवाज आला नाही तेही लिहायचे. हे दुसरे फार महत्त्वाचे, आणि तेच कोणी लिहीत नाही.

ही वही काय सांगते पहा. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. अशा पहाटे गाडी सुरू करताच किंचाळली आणि थोड्या वेळाने गप्प झाली, तर आधी पंख्याचा पट्टा पाहावा. खड्ड्यातच खडखड होत असेल तर पाटे, बुश, सायलेन्सरची पट्टी. क्लच सोडताना किंवा पुढचा गिअर काढून मागचा टाकताना एकच 'ठण्' होत असेल तर शाफ्टचा क्रॉस. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, अॅक्सिलरेटर दाबून आवाज निघाला तर इंजिनाकडे वळा. निघाला नाही तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू जाताना क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्या. तरीही आवाज चालू राहिला तर शोध चाकांकडे आणि शाफ्टकडे न्यावा. घाटात मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका.

आता चाक की शाफ्ट? इथे शिक्षकबंधूंना वर्गात देता येईल असे एक गणित आहे. चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे २.२ मीटर. ताशी १० किलोमीटर वेगाने गाडी ५ सेकंदांत सुमारे १४ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सहा फेरे होतात. जीपसारख्या गाडीत शाफ्ट चाकाच्या चार-पाच पट फिरतो. त्याचे तेवढ्याच वेळात पंचवीस-तीस फेरे. म्हणून घड्याळ धरून ठोके मोजा. आमच्या मुलीने मोजले: पाच सेकंदांत सहा. शाफ्टवरचा संशय तिथेच मिटला. नवा क्रॉस उगाच बसवला होता!

वहीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. आवाज फक्त गाडी भरलेली असताना, आणि तोही डाव्या वळणावर. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर पडतो. ओझे होते मागे. तेव्हा उजवे मागचे चाक.

सपाट जमिनीवर गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, बाकीच्या चाकांना दगड लावले आणि पाना घेतला. पाना लागलाच नाही! पाचांपैकी दोन नट बोटांनी फिरले. तीन आठवड्यांपूर्वी पेठच्या रस्त्यावर अंधारात चाक पंक्चर झाले होते. मीच बदलले होते. चाक अधांतरी असतानाच नट आवळले आणि जॅक काढल्यावर पुन्हा आवळायचे विसरलो. रिकाम्या गाडीत, सरळ रस्त्यावर चाक जागच्या जागी राही. भार आणि वळण एकत्र आले की ते जरासे सरके. मिस्त्रीने गाडी नेहमी रिकामीच फिरवली, त्याला आवाज यावा कुठून? चाकाची भोके अंडाकृती झाली होती, बोल्टांचे आटे झिजले होते. चाक आणि बोल्ट दोन्ही नवे घ्यावे लागले. त्याच आठवड्यात ती गाडी क्रेट भरून सावळ घाटातून गेली होती आणि मागे दोन माणसे बसली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा नट समोरासमोरचे आवळावेत, ओळीने नव्हे; गाडी जमिनीवर टेकल्यावर पुन्हा आवळावेत, आणि पन्नासएक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. काही जुन्या जीपांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, तिथे जोर लावण्याआधी दिशा पाहा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

वही अजून चालू आहे. डॅशबोर्डामागून एक बारीक 'चिर्र' येते, तीही फक्त पावसाळ्यात. आतापर्यंत पाच नोंदी झाल्या आहेत.