अंगणात आलेली शाळा

१९६५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये काही तरुण कलावंतांनी ‘ड्रॉप सिटी’ नावाची वस्ती वसवली. भंगार मोटारींचे पत्रे जोडून त्यांनी घुमटाकार घरं बांधली. हिप्पींचा तो काळ. चौकोनी घर नको, चाकोरीतली शाळाही नको, असा त्या पिढीचा सूर होता. १९७१ मध्ये इव्हान इलिच यांनी तर समाजच शाळामुक्त करा, असं पुस्तक लिहून सांगितलं.

ड्रॉप सिटी काही वर्षांतच ओस पडली. पण त्याही आधी आपल्या महाराष्ट्रात चाकोरीबाहेरची शाळा गाजावाजा न करता सुरू झाली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम आरंभलं, १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल शाळेत येत नाही ना? मग शाळा त्याच्या अंगणात! तीच अंगणवाडी. मुलं गुरांमागे जातात? मग बाई कुरणात जातील! तीच कुरणशाळा. माँटेसोरींची महागडी साधनं परवडणार कुठून? शंख, शिंपले, बिया, खडे यांवरच गणती सुरू झाली.

आपल्या खानदेशातही असं घडलं. १९९०च्या दशकात अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठी आंदोलनातल्या आदिवासी गावांनी जीवनशाळा काढल्या. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता, १९९८ पासून तो नंदुरबारमध्ये आहे. बांबू-कुडाची शाळा, गावातलेच गुरुजी, आणि पहिले धडे मुलांच्या बोलीत. सरदार सरोवराचं पाणी चढलं, तशा काही शाळा उचलून वर न्याव्या लागल्या. गाव हललं, तशी शाळाही हलली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, पक्की इमारत, असे निकष घातले. ते योग्यच आहेत. सातपुड्याच्या पावसात मुलांनी कुडाखाली का भिजावं? पण दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला निघालेल्या मुलाला त्या पक्क्या खोलीचा काय उपयोग? हजेरीपटावर त्याचं नाव राहतं, मूल मात्र फडात असतं.

मूल कुठे आहे, हे आधी पाहायचं आणि मग शाळा कुठे भरवायची ते ठरवायचं. कोसबाडच्या टेकडीवरून मिळालेला हा धडा आपण अजून पुरता गिरवलेला नाही.